परतीचे आकडे

"आयुष्यभर तू केलंस तरी काय?" असं ताईला कोणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, "डब्यात तारे भरले." आणि ते काही खोटं नव्हतं. खरे तारे नव्हेत हो, आकड्यांचे! संगणकाच्या मशीनमध्ये एक गोल डबा मानायचा, त्यात काही हजार कण सोडायचे, प्रत्येकानं प्रत्येकाला आपल्याकडे ओढायचं, आणि त्या झुंबडीचं पुढे काय होतं ते बघत बसायचं. त्यातून थोडी थोडी ऊर्जा काढून घ्यायची आणि दर खेपेला तापमान मोजायचं. एवढंच. पण ह्या एवढ्याशा खेळात एक वेडेपणा आहे. चहातून उष्णता काढली की चहा गार होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ताऱ्यांच्या झुंबडीतून उष्णता काढली, तर एका टप्प्यानंतर ती गार व्हायचं सोडून तापायला लागते. कण आत ओढले जातात, आणि जितके आत पडतात तितके जास्त जोरात धावतात.

हे तिनं पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा अण्णा, म्हणजे तिचे वडील, खो खो हसले होते. "मग माझा चहा तुझ्या ताऱ्यांत ठेवत जा. सकाळचा संध्याकाळपर्यंत कढत राहील."

धाकटा भाऊ मात्र हसला नव्हता. तो विचारात पडला होता. त्याचं खरं नाव घरात कोणाच्या तोंडात नव्हतं. सगळे त्याला खटपट्या म्हणत. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा आणि ताई पंधराची. तिनंच त्याचे केस विंचरले, तिनंच त्याचा अभ्यास घेतला, आणि तिनंच नवव्या वर्षी त्याला बदडलंही होतं, कारण पठ्ठ्यानं भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याची चाकं जमिनीवर मांडली होती. संध्याकाळपर्यंत ते त्यानं पुन्हा जोडलं, आणि आधी रोज पाच मिनिटं मागे पडायचं ते बरोबर चालायला लागलं. तेव्हापासून अण्णांनी त्या घड्याळाला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "आमच्या खटपट्याच्या हातून चूक व्हायची नाही."

आणि आता, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ताई एक फाइल काखोटीला मारून त्याच खटपट्याच्या दुकानाकडे निघाली होती. फाइलमध्ये दोन गोष्टी होत्या. एक आलेख आणि एक शुद्धिपत्र. तिला हवी होती एकच गोष्ट. त्यानं तिला पुन्हा ताई म्हणावं. चोवीस वर्षं तो तिला मॅडम म्हणत होता, आणि ते वाया गेलेलं नातं आता, निवृत्त होऊन घरात एकटी बसल्यावर, तिच्या जिवाला लागून राहिलं होतं.

ते असं झालं होतं. ताई विद्यापीठात शिकवायला लागली आणि तिनं भावाला विभागाच्या संगणक खोलीत चिकटवून दिलं. त्याच्याकडे पदवी नव्हती, पण मशीन त्याचं ऐकायचं. ताईनं समीकरणं लिहायची, त्यानं त्यांचा प्रोग्राम करायचा. दोघांची जोडी अशी की कॅन्टीनवाला एकाची बशी मांडली की न विचारता दुसरीही मांडायचा. ताऱ्यांच्या डब्याचं काम दोघांनी मिळून चालवलं. ऊर्जा काढत काढत खाली आले, आणि एका आकड्यापाशी येऊन ती सगळी विखुरलेली झुंबड एकदम कोसळली. मधोमध एक घट्ट गाठ, भोवती विरळ गर्दी, आणि तापमानाची एकदम वर उडी. पाण्याचा बर्फ होतो ना, तसंच, पण जास्त आडदांड.

मग खटपट्याला खुमखुमी आली. तो म्हणाला, "ताई, गेलो तसं परत येऊन बघू. काढलेली ऊर्जा पुन्हा घालू."

घातली. तर काय? ज्या आकड्यावर झुंबड कोसळली होती, त्याच आकड्यावर परत येऊनही गाठ सुटेना. त्याच्या पुढे गेले, तरी सुटेना. कागदावर दोन रेघा उमटल्या, एक जातानाची, एक येतानाची, आणि दोघींचा एकमेकींशी मेळ नाही. येतानाची रेघ तर अर्धवटच होती, कारण गाठ कुठे सुटते ते अजून दिसलंच नव्हतं. त्यानं आणखी आठ दिवस मशीन मागितलं.

परिषद तीन आठवड्यांवर आली होती. ताईच्या डोक्यावर विभागप्रमुख बसले होते, मशीनसाठी बाकीचे रांगेत उभे होते, आणि तिला एक सुबक, सलग रेघ हवी होती. उडी दाखवायची म्हणजे शंभर प्रश्न. तिनं मशीन थांबवलं आणि म्हणाली, "दोन्ही रेघांची सरासरी काढ. फरक आहे तो मशीनचा असणार."

"ताई, सरासरी कशाची काढतेस?" तो म्हणाला. "एकदा मोजलं तेव्हा दार उघडं होतं, एकदा मोजलं तेव्हा बंद होतं. सरासरी काढून दार अर्धं उघडं होतं का?"

"तू मला भौतिकशास्त्र शिकवू नकोस," ताई म्हणाली, आणि सरासरी तिनं स्वतः काढली.

हीच ती चूक. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याशा सरासरीचं काय घेऊन बसलात! पण ह्या धंद्यात ह्याहून मोठी चूक नाही. दोन वेगळ्या अवस्था होत्या, तिनं त्या मिसळून तिसरीच एक बनवली, जी जगात कुठेच नव्हती. आणि तरीही, एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. माणूस आहे, चुकतो.

परिषदेच्या दिवशी सभागृहात अण्णाही आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते, लेक बोलणार म्हणून. खटपट्या मागे प्रोजेक्टर सांभाळत होता. ताईचं बोलणं छान झालं. शेवटी पहिल्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक उठले, ज्यांना तिनं आधीचा मसुदा पाठवला होता. म्हणाले, "मसुद्यात दोन रेघा होत्या. दुसरी कुठे गेली?"

ताईसमोर अडीचशे माणसं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ती आमच्या ऑपरेटरच्या हातची चूक होती. प्रोग्राममध्ये एक चिन्ह उलटं पडलं होतं. मी ते दुरुस्त केलंय."

म्हातारे बसले. टाळ्या पडल्या. मागे प्रोजेक्टरचा दिवा एकदाही हलला नाही.

घरी आल्यावर अण्णांनी हात धुता धुता विचारलं, "काय रे, कोणतं चिन्ह चुकलं तुझं?" खटपट्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं ताटाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "चुकलं असेल एखादं, अण्णा. हजारो ओळी असतात." दुसऱ्या दिवशी त्यानं संगणक खोलीच्या किल्ल्या तिच्या टेबलावर ठेवल्या. "मॅडम, किल्ल्या," म्हणाला. विभागातले सगळे तिला मॅडमच म्हणायचे. त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. महिनाभरात त्यानं नोकरी सोडली आणि एका फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली शिकायला गेला.

बरं, ताईला कळलं कधी? लोकांना वाटेल, आत्ता कळलं असेल. छे! नऊ महिन्यांनी कळलं. एकदा सुट्टीत ती एकटीच जुने आकडे घेऊन बसली, प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला, आणि त्यात एकही चिन्ह उलटं नव्हतं. दुसरी रेघ खरी होती. तेव्हा ती विभागप्रमुख व्हायच्या बेतात होती. तिनं कागद कपाटात टाकले आणि कुलूप लावलं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत करत अण्णा सहा वर्षांनी गेले, ती प्रमुख झाली, निवृत्तही झाली. मधल्या काळात दुसऱ्यांनी कुठे कुठे ती उडी शोधली, छापली, आणि नियतकालिकात छापून आलेला तिचा तो सरासरीचा शोधनिबंध लोक हळूहळू विसरले. तिला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला!

मग गेल्या वर्षी कुठल्याशा दूरच्या विद्यापीठातल्या एका मुलीचं पत्र आलं. फार नम्र पत्र. आम्हाला उडी दिसते, तुम्हाला सलग रेघ मिळाली होती, तर मूळ आकडे बघायला मिळतील का? ताईनं कपाट उघडलं. पिवळ्या पडलेल्या कागदांच्या भेंडोळ्यावर समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "परतीची वाट वेगळी आहे. आठ दिवस मशीन हवं." त्याचं अक्षर. ताई तिथेच खुर्चीत बसून रडली. कोणी बघणारं नव्हतं, म्हणून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं तो अर्धवट राहिलेला परतीचा प्रवास पुरा करायला घेतला. घरच्याच लॅपटॉपवर.

दुकानाच्या दारात चार फ्रिज दारं काढून उभे होते. आत तांब्याच्या नळ्या, जुने कॉम्प्रेसर, आणि तापलेल्या धातूचा वास. बाहेरच्या टेबलाशी खटपट्याची बायको फोन घेत होती. तिनं ताईला पाहिलं आणि फोनवर हात ठेवून उठली.

"अगंबाई, वन्सं! या ना, आत या. किती दिवसांनी!" मग तिनं ताईच्या हातातली फाइल पाहिली, तिचा चेहरा पाहिला, आणि हळूच म्हणाली, "बोला दोघं. पाण्यात काठी मारली म्हणून पाणी तुटतं होय?"

बिचारी मनाची चांगली. पण म्हणी करणाऱ्याचं काय जातं! पाणी तुटत नाही हे खरं, गोठल्यावर मात्र तुटतं.

खटपट्या आत गुडघ्यावर बसून एक नळी जोडत होता. पंचावन्न वर्षांचा झाला होता. कानांवरचे केस पांढरे. "मॅडम, बसा. हा एवढा जोड झाळून घेतो."

ताई स्टुलावर बसली. ज्योत निळी झाली, जोड लाल झाला, मग थंड होत काळा पडला. काम झाल्यावर त्यानं हात पुसले. ताईनं आलेख पुढे केला.

त्यानं तो उजेडाकडे धरला. त्याचं बोट जातानाच्या रेघेवरून कोसळायच्या जागेपर्यंत आलं, मग परतीच्या रेघेला लागलं, आणि मध्येच एका जागी थांबलं. "इथे थांबवलं होतं आपण."

"मी थांबवलं होतं."

"हो. तुम्ही." त्याचं बोट पुढे सरकलं. "म्हणजे सुटते गाठ?"

"सुटते. पण कोसळली तिथे नाही. फार पुढे. जेवढी काढून ती कोसळली, तेवढी परत घालून भागत नाही."

"किती दिवस लागले?"

"एक्केचाळीस. लॅपटॉपचा पंखा असा घरघरायचा की शेजारीण विचारायला आली, घरात गिरणी टाकली का म्हणून."

तो हसला! खरंच हसला, नाक फेंदारून, लहानपणी हसायचा तसा. आणि मग पुढची दहा मिनिटं दोघं त्या कागदावर वाकून बसली. पायरी केवढी ठेवली, फार जवळ आलेल्या कणांचं काय केलं, डब्याच्या भिंतीवरून कण कसे उलटवले. तो विचारत होता, ती सांगत होती. मध्येच म्हणाला, "मी असतो तर एवढे दिवस लावले नसते. प्रत्येक जोडी कशाला मोजायची? लांबचे एकगठ्ठा धरायचे." ताई म्हणाली, "हे मला सुचलंच नाही बघ." तिला वाटलं, झालं. आता पुढचं वाक्य ताई म्हणूनच सुरू होणार.

"इथलं काम मात्र सोपं आहे," तो फ्रिजवर थाप मारून म्हणाला. "उष्णता काढली की वस्तू गारच होते. उगाच घोळ नाही."

मग तिनं शुद्धिपत्र दिलं. त्यानं खिशातून चष्मा काढला आणि सावकाश वाचलं. दोन वेगळ्या अवस्थांची सरासरी काढणं ही चूक माझी होती, असं तिनं लिहिलं होतं. प्रोग्राममध्ये कोणतीही चूक नव्हती. परतीचा मार्ग वेगळा आहे हे प्रथम ज्यांच्या लक्षात आलं, ते... आणि त्यापुढे त्याचं पूर्ण नाव, जे घरात कधी कोणी घेतलं नव्हतं.

"बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम जास्त आहे."

"पुढच्या अंकात छापून येईल." ती म्हणाली. "मला माफ कर रे. मला नऊ महिन्यांतच कळलं होतं. मी आकडे तपासले होते."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"त्या वर्षी तुम्ही माझ्याशी बोलताना माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघायला लागलात. त्याआधी तोंडाकडे बघून बोलायचात."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. ताई आत्ताही बटणाकडेच बघत होती. तिनं मान वर केली. "मग भांडला का नाहीस माझ्याशी? चार शिव्या घालायच्या होत्यास!"

"भांडून काय मिळवायचं होतं? मी वाट बघत होतो." त्यानं कागदाची नीट घडी घातली. "परिषदेतल्या लोकांना सांगा, असं काही नव्हतं माझं म्हणणं. ते अडीचशे लोक मला कोण? आज सांगा, उद्या सांगा, न सांगा. एकाच माणसाला सांगायचं होतं."

ताईला नाव विचारावं लागलं नाही.

"अण्णांना वाटलं, पोराचा हात गेला," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तसा. "त्या वर्षी घड्याळ मागे पडायला लागलं. मी म्हणणार होतो, उतरवतो म्हणून. तर अण्णांनी ते पिशवीत घातलं आणि बाजारात नेलं दुरुस्तीला. मागच्या दारानं गेले, मला दिसू नये म्हणून. रागावून नव्हे हो. मला अवघडायला होऊ नये म्हणून. मी खिडकीतून बघत होतो."

ताईनंही पाहिलं होतं. ती स्वयंपाकघरात उभी होती. अण्णांनी तिला ओठांवर बोट ठेवून खूण केली होती, बोलू नकोस म्हणून, आणि ती बोलली नव्हती. त्यानंतर सहा वर्षं ते घड्याळ दर पावसाळ्यानंतर बाजारात जात राहिलं.

"मी त्यांना विचारू शकलो असतो, तुम्ही दुसऱ्याकडे का दिलंत," तो म्हणाला. "पण मग त्यांनी मला विचारलं असतं, चिन्ह कोणतं चुकलं होतं. आणि मला तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. माझे केस कोणी विंचरले, तेही आठवायचं ना मला."

बाहेर फोन वाजला. त्याच्या बायकोनं उचलला आणि कोणाला तरी पत्ता सांगत बसली. ताईला खूप बोलायचं होतं, पण जे जे तोंडाशी येत होतं ते सगळं बैल गेला नि झोपा केला अशातलं होतं. एक्केचाळीस दिवस तिनं मशीनमध्ये ऊर्जा घातली होती आणि शेवटी गाठ सुटली होती. तिला वाटलं होतं, हा कागद दाखवला की हीही सुटेल. अण्णांना शुद्धिपत्र कोणी वाचून दाखवणार?

"ते घड्याळ माझ्याकडे आहे," ती शेवटी म्हणाली. "अण्णा गेले तेव्हापासून बंदच आहे. मी कोणाकडे दिलं नाही. आणू तुझ्याकडे?"

त्यानं शुद्धिपत्र तिच्या फाइलमध्ये परत ठेवलं. आलेख मात्र ठेवला नाही. तो टेबलाच्या खणात ठेवून दिला. मग ज्योतीची नळी उचलली, आणि क्षणभर ती हातात तशीच धरून उभा राहिला.

"आणा की," तो म्हणाला. "घड्याळाचं काय, तासाभराचं काम आहे. तेव्हाही तासाभराचंच होतं, मॅडम."

ताई उठली. भावजयीनं चहा टाकला होता, तो घेतल्याशिवाय ती सोडेना, म्हणून ताई बाहेरच्या टेबलाशी उभ्या उभ्या चहा प्यायली. आतून ज्योतीचा आवाज येत राहिला. कप खाली ठेवेपर्यंत चहा पार गार झाला होता.